‘आज साहेबांचा मूड कसा आहे?’

वाचकाचे पत्र थोडक्यात असे: एका मध्यम आकाराच्या कंपनीत उपविभागप्रमुख असलेल्या या वाचक भगिनीच्या हाताखाली अकरा जणांची टीम आहे. गेल्या दीड वर्षात पंधरापैकी चौघे नोकरी सोडून गेले. त्यांचे विभागप्रमुख हुशार आहेत, टार्गेट कधी चुकवत नाहीत आणि वरिष्ठ व्यवस्थापनाचे लाडके आहेत. मात्र सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये ज्याचे आकडे कमी असतील त्याला ते सर्वांसमोर उभे करून ते आकडे मोठ्याने वाचायला लावतात, रात्री अकराला मजकुराऐवजी नुसते एक प्रश्नचिन्ह मेसेज करतात, आणि कोणी शंका काढली की “झेपत नसेल तर सांग” हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. एचआरकडे तोंडी तक्रार केल्यावर “त्यांचा स्वभावच तसा आहे, पण माणूस कामाचा आहे” असे सांगण्यात आले. वाचक लिहितात की, त्या मध्ये उभ्या आहेत म्हणूनच टीम टिकून आहे. वरून आलेले बोलणे त्या सौम्य करून खाली पोहोचवतात आणि खालच्या अडचणी गुळगुळीत करून वर पाठवतात. रात्री प्रश्नचिन्ह आले की सव्वाअकराला त्या टीमला “उद्या सकाळी आधी हे बघा, सर विचारत आहेत” एवढाच मेसेज करतात. एका क्लायंटला गेलेल्या इन्व्हॉइसमधली चूक त्यांनी योग्य वेळ पाहून सांगू, असे म्हणत तीन आठवडे स्वतःकडेच ठेवली आहे. नुकतीच सोडून गेलेली एक ज्युनिअर सहकारी जाताना मेसेजमध्ये लिहून गेली, “मॅडम, हल्ली तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी पोटात गोळा येतो.” त्या मेसेजला नऊ दिवस उत्तर दिलेले नाही. त्यांचा प्रश्न असा: टीमसाठी थांबावे की राजीनामा द्यावा, आणि मीही त्यांच्यासारखीच होत चालले आहे का?

नमस्कार.

तुमच्या पत्राची तीन पाने विभागप्रमुखांबद्दल आहेत आणि तुमच्या स्वतःच्या वागण्याबद्दल जेमतेम चार ओळी आहेत. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करणार आहे. त्यामागे तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही. विभागप्रमुखांना बदलणे तुमच्या हातात फारसे नाही आणि त्या चार ओळींतले बरेचसे तुमच्या हातात आहे, एवढेच त्याचे कारण.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हो, काही प्रमाणात तुम्ही त्यांच्यासारख्या होत चालला आहात. हे वाचून वाईट वाटेल, पण हा प्रश्न तुम्ही स्वतः लिहिलात, म्हणजे उत्तराचा अंदाज तुम्हाला होताच. त्यात तुमच्या स्वभावाचा भाग कमी आणि तुमच्या जागेचा जास्त आहे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक बेनेट टेपर यांनी २००० साली वरिष्ठांकडून होणाऱ्या अपमानास्पद वागणुकीचा पद्धतशीर अभ्यास मांडला, आणि त्यानंतरच्या संशोधनात असे दिसून आले की वरच्या पातळीवरची अशी वागणूक मधल्या पातळीवर झिरपते आणि तिथून खाली उतरते. मधला माणूस वाईट असावाच लागतो असे नाही. तो दमलेला आणि धास्तावलेला असला तरी पुरते.

हे मी कोणा त्रयस्थाच्या अधिकाराने सांगत नाही. काही वर्षे मीही एक टीम सांभाळत होतो आणि आपला आवाज कधी चढत नाही याचा मला मनातून अभिमान होता. माझ्या केबिनबाहेर बसणारी सहकारी एकदा आठवडाभर रजेवर गेली. त्या आठवड्यात एक गृहस्थ हातात फाइल घेऊन काचेच्या दारापर्यंत यायचे, आत डोकवायचे आणि परत जायचे. असे तीनदा झाल्यावर मीच त्यांना आत बोलावले आणि कारण विचारले. ते सरळ स्वभावाचे होते, म्हणून खरे बोलून गेले: “आज साहेबांचा मूड कसा आहे, हे विचारायला बाहेर कोणी नव्हतं, सर.” माझ्या टीममध्ये दोन वर्षे ही व्यवस्था सुरळीत चालू होती आणि तिचा पत्ता फक्त मला नव्हता. त्या फाइलमध्ये एका कामाला झालेल्या बारा दिवसांच्या उशिराची माहिती होती; पहिल्याच दिवशी ती कळली असती तर एका फोनवर काम भागले असते. मी कोणावर ओरडत नव्हतो हे खरे, पण वाईट बातमी ऐकली की मी गप्प होत असे, पेन खाली ठेवत असे आणि खिडकीबाहेर पाहत असे, आणि समोरच्याला तेवढे पुरत होते.

तुमच्या टीममध्येही हा प्रश्न कोणीतरी कोणाला तरी विचारत असणार. पूर्वी तो फक्त विभागप्रमुखांबद्दल असेल, आता कदाचित तुमच्याबद्दलही असेल.

तुमच्या पत्रातले सर्वांत पक्के गृहीतक म्हणजे तुम्ही टीमची ढाल आहात, हे. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मीटिंगमध्ये टीमच्या चुकीची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेत असाल, निरर्थक कामे परस्पर परत पाठवत असाल, कोणाचा अपमान होत असताना मध्ये बोलत असाल, तर ती ढालच आहे आणि तिची टीमला गरज आहे. मात्र तुम्ही वर्णन केलेली रीत वेगळी आहे. रात्री अकराचे प्रश्नचिन्ह सव्वाअकराला तुमच्या नावाने पुढे जाते तेव्हा शब्द सौम्य झालेले असतात. वेळ तीच राहते, घाई तीच राहते आणि पोटातला गोळाही तोच राहतो. खालून वर जाताना नेमके उलटे होते. टीमची अडचण तुम्ही गुळगुळीत करून पाठवता, सुटलेल्या माणसांचे काम उरलेल्यांत वाटता, जे उरते ते रात्री स्वतः करता आणि सोमवारी आकडे जागेवर आणून ठेवता. त्यामुळे विभागप्रमुखांच्या वागण्याची जी काही किंमत आहे ती वर कोणाला दिसतच नाही, कारण ती तुम्ही भरून टाकलेली असते. चौघे गेले आणि तरीही टार्गेट पूर्ण झाले, तर वर बसलेला माणूस काय हिशेब करील? ते चौघे जास्तच होते, असाच करील.

म्हणून ढाल टाकून द्या असे मी सांगणार नाही. तिने काय अडवायचे हे मात्र नव्याने ठरवावे लागेल. खाली येणारा अपमान अडवावा आणि वर जाणारी माहिती अडवू नये. तुमच्याकडून सध्या माहिती अडवण्याचेच काम अधिक होत आहे.

एचआरचे “माणूस कामाचा आहे” हे वाक्य तुम्हीही जवळजवळ मान्य केलेले दिसते, कारण पत्रात दोनदा तुम्ही लिहिले आहे की त्यांचे निकाल चोख असतात. ते चोख आहेत हे आपल्याला कसे कळले? त्यांच्यापर्यंत जे पोहोचते त्यावरून. आणि त्यांच्यापर्यंत काय पोहोचते, हे त्या तीन आठवड्यांच्या इन्व्हॉइसवरून दिसतेच.

हार्वर्डमध्ये अध्यापन करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगले नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या वॉर्डात चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या टीम चांगल्या मानल्या जात होत्या त्यांच्याकडे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. अधिक खोलात गेल्यावर उलगडा असा झाला की तिथे चुका जास्त घडत होत्या असे नाही, तर तिथले लोक त्या सांगत होते आणि बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. चूक सांगितल्याने, प्रश्न विचारल्याने किंवा शंका काढल्याने आपली शोभा होणार नाही, हा टीममधला विश्वास. त्याला त्यांनी १९९९च्या शोधनिबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटले. आज हा शब्द प्रत्येक प्रशिक्षणवर्गात इतका वापरला जातो की त्यातला जीव जवळजवळ निघून गेला आहे, पण मूळ निरीक्षण अजूनही तितकेच बोचरे आहे: ज्या विभागात चुका शून्य दिसतात तिथे आधी भीतीची चौकशी करावी.

वैमानिकांनी ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकून घेतली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जम्बो जेट विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. दाट धुके होते, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते, कारणे अनेक होती. त्यातले एक असे की केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने ऐन वेळी शंका काढली होती, की समोरचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना. कॅप्टनने, जो त्या कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता, ती ठामपणे फेटाळली आणि मग कोणी पुन्हा विचारले नाही. तिथे कोणाला उभे करून आकडे वाचायला लावले जात नव्हते. ज्येष्ठतेचे वजन एवढेच पुरले. पुढे १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून वैमानिकांच्या एका वेगळ्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली, ज्यात कनिष्ठाने शंका कशी मांडायची हे शिकवतात आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची हेही शिकवतात. दुसरा भाग आपल्या कार्यालयांत सहसा गळून पडतो. धीटपणे बोलायचे सगळे धडे कनिष्ठांनाच दिले जातात.

आकड्यांच्या धाकाचे उदाहरण हवे असेल तर वेल्स फार्गो बँकेचे घ्या. तिथल्या विक्रीच्या टार्गेटखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढून टाकलेले होते. ही प्रकरणे बाहेर येईपर्यंत वर जाणारे आकडे चोखच होते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ‘विषारी’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. रजा नाकारली की बॉस विषारी, मसुदा तीनदा परत पाठवला की तोही विषारी, असे लिहिलेली पत्रे माझ्याकडे दर आठवड्याला येतात. कडक वरिष्ठ आणि अपमान करणारा वरिष्ठ यांत फरक आहे. कडक वरिष्ठ कामावर बोलतो, त्याची अपेक्षा काय आहे हे आदल्या दिवशी माहीत असते, ती त्याला स्वतःलाही लागू असते, आणि चूक कबूल केल्यावर बोलणे दुरुस्तीकडे वळते. तुमच्या पत्रातील वर्णनाला मी यातली एकही कसोटी लावू शकलो नाही. चारचौघांत उभे करण्याने आकडे सुधारत नाहीत, उभे राहण्याची भीती तेवढी वाढते. तेव्हा तुम्ही हळवेपणाने अतिशयोक्ती करत आहात, ही शंका मनातून काढून टाका.

आता थांबावे की जावे याकडे वळतो. हा प्रश्न तुम्ही दोनच दारांचा करून ठेवला आहे: सोसत राहणे किंवा राजीनामा. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली दाखवून दिले की बिघडत चाललेल्या संस्थेतल्या माणसापुढे बाहेर पडण्याखेरीज आवाज उठवण्याचाही मार्ग असतो, आणि संस्थेविषयीची निष्ठा यातला कोणता मार्ग कधी घ्यायचा हे ठरवत असते. तुम्ही आवाज एकदाच उठवला, तोही तोंडी, आणि त्याची कुठेही नोंद नाही. त्यामुळे तो मार्ग बंद आहे, असे अजून म्हणता येत नाही; तो नीट चालून पाहिलेला नाही, एवढेच म्हणता येते.

तो चालून पाहण्याआधी मात्र तुमच्या हातातली एक गोष्ट मोकळी करायला हवी. इन्व्हॉइसची चूक उद्या सकाळी वर कळवा. लेखी कळवा आणि छोटे कळवा: काय चुकले, केव्हा चुकले, रक्कम किती, दुरुस्ती काय सुचवता आणि ती किती दिवसांत होईल. चूक ज्याच्या हातून झाली त्याचे नाव त्यात घालू नका, आणि “कळवायला झालेला तीन आठवड्यांचा उशीर माझा आहे” हे वाक्य मात्र जरूर घाला. विभागप्रमुख चिडतील. सोमवारी कदाचित तुम्हालाच उभे करतील. पण हीच चूक क्लायंटने आधी पकडली तर उभे केले जाईल ते तुमच्या ज्युनिअरला, आणि तुमच्याकडे मध्ये उभे राहायला जागा उरणार नाही. शिवाय तुम्ही पुढे जी तक्रार करणार आहात, तिला उत्तर म्हणून हाच इन्व्हॉइस तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो.

मग टीम. सव्वाअकराचा मेसेज आजपासून बंद करा. प्रश्नचिन्हाला तुम्हीच उत्तर द्या, “सकाळी दहापर्यंत माहिती देते,” आणि टीमला सकाळी कार्यालयीन वेळेत विचारा. खरोखरच रात्रीच करण्यासारखे काय असते हे टीमबरोबर बसून ठरवा. ती यादी बहुधा तीन-चार ओळींची होईल, आणि त्यासाठी मेसेज नको, फोन करायचा असे ठरवा, म्हणजे बाकी वेळी फोन उलटा ठेवून झोपायला लोक मोकळे राहतील. यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

टीमची माफी मागणे अधिक अवघड आहे, आणि ते मी तुमच्यावर लादणार नाही, पण मागायची ठरवलीत तर “काही चुकलं असेल तर” अशी सुरुवात करू नका. त्यातला ‘असेल’ सगळ्यांना ऐकू येतो. “मी तुम्हाला रात्री मेसेज करत आले, आणि तुमच्या अडचणी वर पोहोचवल्या नाहीत. हे दोन्ही मी थांबवते आहे,” एवढे पुरे. त्यानंतर काहीच घडणार नाही. लोक माना हलवतील आणि जागेवर जातील, कारण वरिष्ठांच्या घोषणा त्यांनी पुष्कळ ऐकलेल्या असतात. खरी परीक्षा त्यानंतर कोणीतरी पहिली वाईट बातमी घेऊन येईल तेव्हा होईल, आणि ती तुमच्या चेहऱ्याची असेल. ती बातमी बहुधा लहानशीच असेल, अंदाज घेण्यासाठी आणलेली. “बरं झालं आजच सांगितलंस. निस्तरायला काय लागेल?” असे म्हणा, आणि ‘पण’ हा शब्द दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवा. मी पेन खाली ठेवत असे, हे लक्षात आल्यावर काही महिने बोलणी करताना हातात पेन घेणेच सोडले होते. हसू येईल, पण उपयोग झाला.

विभागप्रमुखांशी बोलायचे ते एकट्याने आणि सोमवार सोडून. त्यांचा स्वभाव, वातावरण, संस्कृती असले शब्द काढू नका. त्यावर वाद घालण्यात ते तुमच्यापेक्षा तरबेज असणार. एक प्रसंग, त्याचा परिणाम आणि एक मागणी, एवढेच घेऊन जा. उदाहरणार्थ: “गेल्या सोमवारी अमुक जणांना उभं राहून आकडे वाचायला लावलं गेलं. त्यानंतर टीममधलं कोणीही मला आपणहून अडचण सांगायला आलं नाही, आणि इन्व्हॉइसची चूक तीन आठवडे अडकली त्याचं हेही एक कारण आहे. माझी विनंती आहे की आकडे आदल्या दिवशी शीटवर यावेत, आणि ज्यांचे मागे आहेत त्यांच्याशी मी मीटिंगनंतर स्वतंत्र बोलेन.” यात त्यांच्यावर आरोप नाही आणि त्यांचा फायदा त्यांना दिसतो. अशा बोलण्याने माणसे कधी कधी थोडी बदलतात. पुष्कळ वरिष्ठांना आपल्या वागण्याचा परिणाम कोणी कधी सांगितलेलाच नसतो. माझ्याबाबतीत तो सांगायला दोन वर्षे लागली आणि तोही अपघाताने कळला. ते उडवून लावतील ही शक्यता अर्थातच मोठी आहे. सूड उगवतील हीही आहे, म्हणून बोलणे झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा साधा मेल पाठवून त्याची नोंद राहील असे पाहा: आपण आज अमुक विषयावर बोललो, मी अमुक सुचवले.

नोंदीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण वाचकांची इथेच गफलत होते. तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर कोण होते आणि कामावर काय परिणाम झाला, हे त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहा. विशेषणे गाळा. ‘अत्यंत अपमानास्पद’ यापेक्षा ‘सतरा जणांसमोर चार मिनिटे उभे’ हे वाचणाऱ्याला अधिक समजते. कंपनीच्या फाइली, क्लायंटची माहिती किंवा दुसऱ्याचे मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवू नका. तक्रारीपेक्षा तेच प्रकरण मोठे होते आणि तुमची बाजू तिथेच संपते.

एचआरकडे पुन्हा जायचे असेल तर लेखी जा, शक्य असेल तर समान पदावरच्या आणखी एक-दोघांना बरोबर घेऊन जा, आणि ज्युनिअरना सह्या करायला लावू नका. त्यांच्याजवळ गमावण्यासारखे तुमच्याहून जास्त आहे. एचआरचे काम तुमची बाजू घेणे हे नसते, कंपनीचा धोका कमी करणे हे असते, म्हणून त्यांच्यासमोर धोकाच मांडा: दीड वर्षात पंधरापैकी चार राजीनामे, प्रत्येक जागा भरायला लागलेले महिने, नव्या माणसाला शिकायला लागलेले महिने. २०२२ मध्ये एमआयटीच्या स्लोन व्यवस्थापन नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात माणसे कंपनी सोडून जाण्याचा अंदाज पगारापेक्षा दहा पटींहून अधिक चांगला विषारी कार्यसंस्कृतीवरून बांधता येतो असे दिसले होते. पगारवाढ देऊन गळती थांबवू पाहणाऱ्या व्यवस्थापनासमोर ठेवायला हा आकडा उपयोगी पडतो. ‘स्वभावच तसा आहे’ हे उत्तर पुन्हा आले तर शांतपणे विचारा की हे उत्तर लेखी मिळेल का.

कायद्याची बाजूही आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविरुद्ध १९० क्रमांकाचा करार संमत केला. त्यात मानसिक इजा स्पष्टपणे धरलेली आहे आणि प्रकार एकदाच घडला असला तरी तो छळ ठरू शकतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फ्रान्स टेलिकॉम या कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखाला न्यायालयाने दोषी ठरवले. तिथे २२,००० माणसे कमी करायची होती आणि त्यासाठी लोकांनी आपणहून निघून जावे असे वातावरण धोरण म्हणून तयार केले गेले होते. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांनंतर ते प्रकरण उभे राहिले. न्यायालयाने त्याला संस्थात्मक छळ म्हटले, म्हणजे एखाद्याचा स्वभाव एवढ्यावर ते सोडून दिले नाही. तुम्हाला कोणता कायदा लागू होतो हे एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाकडून अर्ध्या तासात समजून घ्या. खटला भरायचा नसला तरी आपण कुठे उभे आहोत हे माहीत असलेला माणूस मीटिंगमध्ये वेगळ्या आवाजात बोलतो.

या सगळ्याला एक तारीख घाला. तीन महिने मला पुरेसे वाटतात. त्या तारखेला स्वतःला विचारायचे प्रश्न साधे आहेत: सोमवारचा तो प्रकार थांबला आहे का, टीमकडून वाईट बातमी त्याच दिवशी येऊ लागली आहे का, आणि तुमची झोप कशी आहे. पहिल्याचे उत्तर नाही आणि दुसऱ्याचे हो असेल, तर तुम्ही तुमच्या अकरा जणांपुरते काही घडवले आहे आणि त्यावर किती काळ राहायचे हे तुम्ही ठरवू शकता. दोन्हींचे उत्तर नाही असेल तर जाण्याची तयारी करा. झोपेचे मात्र तीन महिने थांबवून ठेवू नका. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये व्याख्या केली, तो आजार म्हणून नोंदलेला नाही, पण त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. तुमच्या पत्रात मला यातल्या दोन दिसल्या. डॉक्टरांना भेटा.

‘मी गेले तर टीमचे काय’ या चिंतेबद्दल थोडे कठोर बोलतो. गेलेल्या चौघांनी तुमच्या परवानगीशिवाय आपला निर्णय घेतला. उरलेलेही प्रौढ आहेत. त्यांच्यासाठी थांबणे हा उदारपणा असू शकतो, पण आपल्याशिवाय त्यांचे चालणार नाही असे मानणे हा, क्षमा करा, साहेबी विचारच आहे. अर्थात सर्वांना सहज जाता येत नाही. कर्ज असते, आजारी माणूस घरी असते, दुसरी नोकरी लगेच मिळण्यासारखी नसते. अशा वाचकांनी आधी त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मिळते का पाहावे, आणि शोध चालू ठेवून हातात पत्र आल्यावरच राजीनामा द्यावा. रागाच्या भरात दिलेल्या राजीनाम्याचा नोटीस पिरियड फार लांब वाटतो. नव्या ठिकाणी मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा: मी ज्या जागेवर येणार तिथली व्यक्ती कुठे गेली, आणि शेवटची वाईट बातमी तुमच्यापर्यंत कशी पोहोचली? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस किती वेळ गप्प राहतो ते पाहा.

राहिला तो नऊ दिवसांपूर्वीचा मेसेज. तिला परत बोलावण्यासाठी लिहू नका, आणि विभागप्रमुखांच्या दबावाचे स्पष्टीकरण तर अजिबात देऊ नका. तो दबाव तिने तुमच्या शेजारी बसून पाहिला आहे. “तू लिहिलंस ते खरं आहे. सांगितल्याबद्दल आभार. नव्या नोकरीत शिफारस लागली तर माझं नाव दे,” एवढेच लिहा. आणि सकाळी पाठवा.